थर्मामीटरला वारा लागत नाही

टोरांटोला राहणाऱ्या मुलीला जानेवारीत पुण्याहून फोन लागला, की आई आधी थंडीचं विचारते. मुलगी मोबाइलवरचे दोन आकडे वाचून दाखवते: तापमान उणे १०, जाणवणारं तापमान उणे २१. ‘मग यातलं खरं कुठलं गं?’ हा आईचा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. एका गावात एका क्षणी हवेची दोन तापमानं असू शकत नाहीत. खिडकीबाहेर टांगलेला थर्मामीटर वादळ सुटलं तरी उणे १०च दाखवतो. मग हे उणे २१ मोजलं कुणी, आणि कशानं?

ते कुणीच मोजलेलं नसतं. कुठल्याही उपकरणावर तो आकडा उमटत नाही. हवेचं तापमान आणि वाऱ्याचा वेग या दोन नोंदी एका सूत्रात घातल्या, की तो बाहेर पडतो. हवामान खात्यांच्या भाषेत तो विंड चिल निर्देशांक. दिसतो तापमानासारखा, बोलतो अंशांच्या भाषेत. पण तो तापमान नाही. शरीरातली उष्णता किती वेगानं निघून जाते आहे, याचं ते माप आहे.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, हे एका प्रश्नावरून कळेल. बाहेर हवा २ अंशांवर आहे आणि वारा ताशी ४० किलोमीटरचा आहे. सूत्र सांगतं, जाणवणारं तापमान उणे ५. अशा वेळी अंगणात झाकण घट्ट लावलेली पाण्याची बाटली ठेवली, तर पाणी गोठेल का? अनेक जण हो म्हणतात. उत्तर ‘नाही’ असं आहे. वारा रात्रभर घोंघावत राहिला तरी त्याच्यामुळे ते पाणी २ अंशांच्या खाली जाणार नाही.

वारा नेमकं काय पळवतो?

शरीराच्या आत सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान असतं. कातडीचं तापमान घरातल्या साध्या हवेत ३३ अंशांच्या आसपास असतं. नुसतं बसून राहिलेलं मोठं माणूससुद्धा सुमारे १०० वॉट या दरानं उष्णता बाहेर टाकत असतं. आजूबाजूची हवा थंड असली, की ही उष्णता कातडीतून लगतच्या हवेत जाते.

पण स्तब्ध हवेतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. त्यामुळे कातडीला लागून असलेला काही मिलिमीटरचा हवेचा थर आपल्याच उष्णतेनं कोमट होतो आणि अंगावर पांघरलेल्या गोधडीसारखं काम करतो. गोधडी तरी स्वतः कुठे ऊब निर्माण करते? तिच्या थरांत अडकलेली हवा आपली उष्णता आपल्यापाशी धरून ठेवते, इतकंच. वारा सुटला की ही हवेची गोधडी विरायला लागते. कोमट झालेली हवा वाहून जाते, तिच्या जागी नवी गार हवा येते आणि तिला कोमट करायला कातडीला पुन्हा पदरची उष्णता द्यावी लागते. वारा जितका जोराचा, तितकी गोधडी पातळ आणि उष्णतेची गळती जास्त.

आता थर्मामीटरकडे पाहा. तो आधीच हवेच्या तापमानाला येऊन बसलेला असतो. हवेपेक्षा जास्त उष्णता त्याच्यापाशी नाहीच, तर वारा पळवणार काय? उन्हाळ्यात पंखा लावल्यावर आपल्याला बरं वाटतं आणि भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा मात्र जागचा हलत नाही, त्याचंही कारण हेच. अंगणातल्या बाटलीचा हिशेबही असाच. घरातून बाहेर नेली तेव्हा ती २५ अंशांवर असेल. वाऱ्यामुळे ती २ अंशांवर लवकर येईल, स्तब्ध हवेत उशिरा आली असती. पण २ अंशांना पोचली की तिच्यात आणि हवेत देवाणघेवाण करण्यासारखं काही उरत नाही. कॅनडातल्या गाडीच्या इंजिनालाही हाच नियम लागू आहे: वाऱ्यात ते झपाट्यानं गार होतं, पण हवेपेक्षा गार होत नाही.

म्हणजे वाऱ्याचं काम एकच आहे. वस्तू गरम असो की गार, तिला तो हवेच्या तापमानाकडे वेगानं ओढतो. मे महिन्यात चंद्रपूरला हवा ४५ अंशांवर असते तेव्हा कातडी हवेपेक्षा गार असते आणि तोच वारा उष्णता अंगात लोटतो. त्याच झळा.

बाटलीचं झाकण घट्ट लावायला सांगितलं, त्याला कारण आहे. उघड्या पाण्याची गोष्ट वेगळी असते. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, त्यामुळे ओली वस्तू हवेपेक्षाही गार होऊ शकते. माठातलं पाणी भर उन्हाळ्यात हवेपेक्षा गार असतं ते यामुळेच. विंड चिलच्या सूत्रात मात्र हे बाष्पीभवन धरलेलं नाही. ते सूत्र कोरड्या चेहऱ्याचं आहे.

अंटार्क्टिकातलं पाव किलो पाणी

वाऱ्यात थंडी जास्त वाजते, हे माणसाला कायमच ठाऊक होतं. किती जास्त, हे मोजण्याचा नेमका प्रयत्न अंटार्क्टिकात झाला. पॉल सायपल हा अमेरिकी भूगोलतज्ज्ञ १९२८ मध्ये बालवीर म्हणून निवडला जाऊन ॲडमिरल बर्ड यांच्या मोहिमेबरोबर पहिल्यांदा तिथे गेला होता. पुढे १९३९च्या आपल्या प्रबंधात त्यानं ‘विंड चिल’ हा शब्दप्रयोग केला. १९४१च्या हिवाळ्यात तो पुन्हा अंटार्क्टिकात होता आणि बरोबर चार्ल्स पॅसेल हा भूशास्त्रज्ञ होता.

दोघांनी केलेला प्रयोग इतका साधा आहे, की त्याचं मला फार कौतुक वाटतं. प्लास्टिकच्या एका छोट्या नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरायचं, ते तळावरच्या इमारतीच्या छपरावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राशेजारी टांगायचं आणि पाणी पूर्ण गोठायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहायचं. शून्य अंशांवरचं एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे २५० ग्रॅम पाणी २० किलोकॅलरी टाकणार. लागलेल्या वेळानं आणि नळकांड्याच्या पृष्ठभागानं भागलं, की दर तासाला दर चौरस मीटरमधून किती उष्णता गेली ते मिळतं. वेगवेगळ्या वाऱ्यांत आणि वेगवेगळ्या थंडीत अशा नोंदी घेऊन त्यांनी एक सूत्र बसवलं. ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं:

उष्णतेची गळती = (१०.४५ + १०√व − व) × (३३ − त)

इथे ‘व’ म्हणजे वाऱ्याचा वेग, मीटर दर सेकंदात, आणि ‘त’ म्हणजे हवेचं तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. दुसरा कंस सोपा आहे. कातडी ३३ अंशांवर धरली आणि हवा तिच्यापेक्षा किती गार आहे ते त्यात पाहिलं. पहिला कंस वाऱ्याचा जोर सांगतो. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता. सैनिकाला कुठल्या थंडीत कसले कपडे द्यायचे, हा सैन्यापुढचा रोजचा प्रश्न होता आणि सायपल पुढे त्याच कामात होता. त्या कामाला हे सूत्र पुरेसं होतं.

पुढे ते लोकांपर्यंत गेलं. कॅनडाच्या थंड प्रांतांत रेडिओवर गळतीचा आकडाच सांगत, वॉट दर चौरस मीटर या मापात. १६००, २००० असे आकडे तिथल्या लोकांच्या सवयीचे झाले. अमेरिकेत १९७०च्या दशकात त्याचं रूपांतर अंशांत करून सांगायला सुरुवात झाली: ‘जवळजवळ स्तब्ध हवेत एवढी गळती किती तापमानाला झाली असती?’ माझ्या मते चार आकडी संख्या जास्त प्रामाणिक होती, कारण तिला कुणी तापमान समजत नव्हतं. पण कान झाकायचे की नाही, हे अंशांत चटकन ठरतं. म्हणून अंश जिंकले.

सूत्र फसलं कुठे?

पहिल्या कंसात वेगवेगळे आकडे घालून पाहा. वारा सेकंदाला १६ मीटर असेल, तर वर्गमूळ ४, म्हणून १०.४५ + ४० − १६ म्हणजे ३४.४५. आता वारा ३६ मीटर धरा. वर्गमूळ ६, १०.४५ + ६० − ३६ म्हणजे पुन्हा ३४.४५! ताशी ५८ किलोमीटरचा वारा आणि ताशी १३० किलोमीटरचं वादळ दोन्ही सारखीच थंडी देतात, असं हे सूत्र म्हणतं. २५ मीटरच्या पुढे, म्हणजे ताशी ९० किलोमीटरनंतर, वारा वाढला की गळती कमीच व्हायला लागते. निसर्गात असं होत नाही. सायपल आणि पॅसेल यांच्या नोंदींत एवढ्या जोराचे वारे नव्हते. नोंदी होत्या तिथवर त्यांची रेघ बरोबर बसली होती, पुढे ती भरकटली.

त्याहून मोठी अडचण ३३ अंशांची होती. गार वाऱ्यात गाल ३३ अंशांवर राहत नाही, काही मिनिटांतच तो बराच खाली येतो. गाल गार झाला की त्याच्यातलं आणि हवेतलं अंतर कमी होतं आणि गळतीही मंदावते. सूत्रातली कातडी मात्र शेवटपर्यंत ३३ अंशांवरच तापलेली राहते, म्हणून गळती फुगवून दिसते. तिसरी गोष्ट उंचीची. अंटार्क्टिकात नळकांडं आणि वाऱ्याचं यंत्र एकाच उंचीवर होतं. हवामान खात्याची यंत्रं जमिनीपासून १० मीटरवर असतात, आणि आपला चेहरा दीड मीटरवर. जमिनीजवळ घरं, झाडं, नुसती खडबडीत मातीसुद्धा वाऱ्याला अडवते. चेहऱ्याशी तो कमीच असतो.

या सगळ्याचा परिणाम किती? हवा उणे १०, वारा ताशी ४० किलोमीटर. जुन्या सूत्रानं अमेरिकेत याचे उणे ३१ सांगितले असते. आज याच हवेचे उणे २१ सांगतात. हिवाळा तोच आहे, हिशेब सुधारला आहे.

टोरांटोतले बारा चेहरे

नव्या हिशेबामागे मुख्यतः दोन माणसं होती: कॅनडाच्या संरक्षण संशोधन संस्थेतले रँडल ऑसझेव्स्की आणि अमेरिकेत इंडियानापोलिसला यंत्र-अभियांत्रिकी शिकवणारे मॉरिस ब्लूस्टाइन. त्यांनी पाण्याच्या नळकांड्याऐवजी माणसाच्या चेहऱ्याचं गणित मांडलं: आत शरीराची ऊब, मध्ये कातडीचा अडसर, बाहेर वारा. ते पडताळायला टोरांटोत सहा पुरुष आणि सहा स्त्रिया अशा बारा स्वयंसेवकांना गार हवेच्या बोगद्यात, चालण्याच्या पट्ट्यावर वाऱ्याला तोंड देत चालवलं. त्यांच्या चेहऱ्यावर उष्णता मोजणारे संवेदक लावलेले होते. २००१च्या हिवाळ्यापासून अमेरिका आणि कॅनडा दोन्ही देश हे नवं सूत्र वापरू लागले.

त्या सूत्रात कोण माणूस धरलेला आहे, हे समजून घेणं मला सूत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. तो प्रौढ माणूस आहे, मूल नाही. तो वाऱ्याला तोंड देत ताशी ४.८ किलोमीटर वेगानं चालतो आहे. त्याचा चेहरा उघडा आणि कोरडा आहे. ऊन नाही. यंत्रानं १० मीटरवर मोजलेल्या वाऱ्याच्या दोनतृतीयांश वारा त्याच्या चेहऱ्याला लागतो आहे. आणि तो चेहरा सरासरी माणसाचा नाही, चटकन गार पडणाऱ्यांचा आहे. ज्यांची कातडी आतली ऊब बाहेर येऊ देण्यात जास्त आडकाठी करते, त्यांचे गाल वरून जास्त गार होतात. अशा सर्वांत गार गालांच्या सुमारे पाच टक्के लोकांना डोळ्यांसमोर ठेवलं, कारण इशारा त्यांनाही पुरला पाहिजे.

आता आकडेमोड

चेहऱ्याचं पूर्ण गणित लांबलचक आहे. गालाचं तापमान एकदा अंदाजानं धरायचं, आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता जुळते का पाहायची, नाही जुळली तर पुन्हा धरायचं. हे रोजच्या रोज कोण करणार? म्हणून संगणकानं काढलेल्या उत्तरांवर एक सुटसुटीत सूत्र बसवलं.

[चौकट]
सूत्र हाताशी
त = हवेचं तापमान, अंश सेल्सिअस (१० किंवा त्याखाली)
व = वाऱ्याचा वेग, किलोमीटर दर तास (सुमारे ५च्या वर)
घ = व चा ०.१६ वा घात
जाणवणारं तापमान = १३.१२ + (०.६२१५ × त) − (११.३७ × घ) + (०.३९६५ × त × घ)
[चौकट समाप्त]

यातला अवघड वाटणारा भाग एकच, तो घात. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर बहुधा घाताचं बटण दिसतं. तिथे आधी वेग, मग ते बटण, मग ०.१६. हवा उणे १० आणि वारा ताशी २० किलोमीटर असं धरून करून पाहू. २० चा ०.१६ वा घात १.६१५. पहिलं पद १३.१२. दुसरं ०.६२१५ गुणिले उणे १०, म्हणजे उणे ६.२२. तिसरं ११.३७ गुणिले १.६१५, म्हणजे १८.३६, तेही वजा. चौथं ०.३९६५ गुणिले उणे १० गुणिले १.६१५, म्हणजे उणे ६.४०. सगळं मिळून उणे १७.८६, पूर्णांकात उणे १८. दशांश ठेवण्यात अर्थ नाही, कारण चेहऱ्याला पाव अंश कळत नाही.

तापमान उणे १०च ठेवून नुसता वारा बदलत गेलं, की खरी मजा दिसते. ताशी १० किलोमीटरला उत्तर येतं उणे १५, २० ला उणे १८, ४० ला उणे २१, ६० ला उणे २३, ८० ला उणे २४. पहिल्या १० किलोमीटरनी पाच अंश नेले, आणि ६० वरून ८० वर जाताना जेमतेम दीड अंश गेला. त्या छोट्या घाताचा हा परिणाम: वारा दुप्पट झाला तरी ‘घ’ सुमारे १२ टक्क्यांनीच वाढतो. असं का व्हावं? हवेची गोधडी आधीच विरलेली असेल, तर तिच्यातून आणखी काढून घेण्यासारखं थोडंच उरतं. त्यानंतर गळती अडते ती कातडीच्या स्वतःच्या जाडीपाशी, आणि तिथे वाऱ्याचं काही चालत नाही. थंडीत साधी झुळूकही इतकी झोंबते याचं कारण यात आहे. सगळ्यात मोठी चोरी पहिली झुळूकच करून जाते.

हे सूत्र १० अंशांपर्यंतच का? वाऱ्याची दोन पदं एकत्र केली तर दिसेल, की हवा साधारण २८.७ अंशांवर असेल तेव्हा ती एकमेकांना रद्द करतात. त्याच्यावर गेलं, तर सूत्राच्या मते वारा उकाडाच वाढवतो. पंख्याखाली बसलेलं कुणीही ते मान्य करणार नाही, कारण उष्ण हवेत मुख्य काम घामाचं असतं आणि घाम या सूत्रात नाहीच. उन्हाळ्यात मोबाइल जो ‘जाणवणारा’ आकडा दाखवतो, त्याची गणितं वेगळी आहेत आणि त्यांत दमटपणाला मोठा मान असतो.

मिनिटांत वाचायचा आकडा

टोरांटोच्या मुलीला उणे २१ या आकड्याचा उपयोग काय? पुण्याच्या आईला थंडीचा अंदाज देणं हा त्यातला छोटा भाग. मुख्य उपयोग हिमदंशाचा इशारा देणं हा आहे. कातडी आणि तिच्याखालचं मांस गोठलं की हिमदंश होतो. नाक, कान, गाल, बोटं यांना तो आधी गाठतो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार निर्देशांक उणे २८च्या खाली गेला, की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ते उणे ४७ मध्ये ५ ते १० मिनिटं, उणे ४८ ते उणे ५४ मध्ये २ ते ५ मिनिटं आणि उणे ५५च्या खाली दोन मिनिटांहूनही कमी. थोडा जास्त वारा हे कोष्टक झपाट्यानं बदलतो: उणे २० अंशांवर वारा ताशी १० किलोमीटर असेल तर निर्देशांक उणे २७, २० झाला की उणे ३०. बसथांब्यावर मुलांना किती वेळ उभं करायचं, हे त्या तीन अंशांवर ठरतं.

सूर्य असेल तर गोष्ट सौम्य होते. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं, की लख्ख उन्हात जाणवणारं तापमान साडेपाच ते दहा अंशांनी वर जाऊ शकतं. उलट चेहरा भिजलेला असेल, तर सूत्रापेक्षा धोका जास्त. आणि हवा शून्याच्या वर असेल, तर निर्देशांक कितीही खाली गेला तरी कातडी गोठत नाही; बाटलीचा नियम गालालाही लागू आहे. अंग भिजलं, वारा लागत राहिला, तर शरीराचं आतलं तापमान मात्र शून्याच्या वरच्या हवेतही घसरू शकतं आणि ते जिवावर बेततं.

३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोचं तापमान उणे ३१ अंशांपर्यंत उतरलं आणि विंड चिल उणे ४७ वर गेला. अशा वेळी ‘पारा उणे ४७ वर’ असं छापून आलं, की वाईट वाटतं. पारा उणे ४७ वर गेलेलाच नसतो. शिवाय वाचणाऱ्याच्या हातून उपयोगी माहिती निसटते: पाण्याचे पाइप फुटणं, गाडीची बॅटरी बसणं हे उणे ३१ वर अवलंबून आहे आणि कान झाकले की नाही हे उणे ४७ वर. कॅनडाचं हवामान खातं हा निर्देशांक अंशाचं चिन्ह न लावता नुसत्या आकड्यात सांगतं. इतकी साधी काळजी आपल्या बातम्यांतही घेता येईल. लडाख आणि सियाचिनमधल्या जवानांच्या थंडीबद्दल आपण वाचतो, किंवा वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या तळांवर जाणाऱ्यांबद्दल वाचतो, तेव्हा सांगितलेला आकडा हवेचा आहे की चेहऱ्याचा, हे कळलंच पाहिजे.

निफाडचा पहाटवारा

महाराष्ट्रात या सूत्राला फारसं काम नाही, कारण १० अंशांखालची हवा इथे थोड्याच ठिकाणी आणि थोडेच दिवस असते. निफाड मात्र त्यात येतं. समजा, जानेवारीच्या पहाटे हवा ८ अंशांवर आहे, वारा पडलेला आहे आणि एक जण निफाडहून नाशिकला मोटारसायकलनं ताशी ४५ किलोमीटरनं निघाला आहे. हवा स्थिर असली तरी चेहऱ्याला वारा लागतोच, तो गाडीच्या वेगाचा. पण सूत्रात ४५ घालायचे नाहीत. सूत्राला १० मीटरवरचा वारा हवा, आणि चालण्याचे सुमारे ५ किलोमीटर त्यात आधीच धरलेले आहेत. म्हणून ४५ मधून ५ वजा, उरलेल्या ४० ची दीडपट, म्हणजे ६०. उत्तर येतं साधारण २ अंश. घरातून निघताना ८ होते, रस्त्यावर चेहऱ्याला २ भेटतात. हँडलवरच्या बोटांना तर त्याहूनही वाईट, कारण सूत्र गालाचं आहे आणि थंडीत बोटांचा रक्तपुरवठा लवकर आखडतो. छातीशी शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालण्याची जुनी युक्ती इथे कामाला येते. कागदातून वारा आत शिरत नाही आणि अंगालगतची हवा जागेवर राहते.

हाच माणूस द्राक्षबागायतदार असेल, तर त्याच्या बागेतला हिशेब बरोबर उलटा असतो. त्याला धास्ती वारा पडण्याची असते. निरभ्र, स्तब्ध रात्री पानं आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतात. पाण्याच्या बाटलीला वाऱ्यात जे जमत नाही, ते पानाला वारा नसताना जमतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठतं, तेव्हा अधिकृत थर्मामीटर शून्याच्या बराच वर असतो; कारण तो पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर आहे आणि दव उघड्या आभाळाखाली जमिनीशी. अशा रात्री वारा सुटला तर तो वरच्या थरातली त्यातल्या त्यात उबदार हवा खाली आणून मिसळतो आणि गार पानाला हवेच्या तापमानाकडे ओढतो, म्हणजे या वेळी वर. नाशिक जिल्ह्यातले बागायतदार थंडीच्या लाटेत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. न्यूझीलंड आणि कॅलिफोर्नियात काही द्राक्षबागांत त्यासाठी उंच खांबांवर मोठाले पंखेच बसवलेले असतात. दव गोठण्याची चिन्हं दिसली की ते सुरू करतात. त्या पंख्याखाली उभ्या असलेल्या मजुराचा विंड चिल त्याच क्षणी खाली जातो, आणि वेलीच्या कोंबाचं तापमान वर चढतं.